रॉकरचं पाणी

पहिले तीनशे किलोमीटर सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी कृष्णा घाटाकडून परत येताना इंजिनाच्या डोक्यातून टकटक सुरू झाली. आधी वाटलं, मडगार्डचा नट ढिला असेल. मडगार्डचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. हा मात्र इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत होता. शिवाय इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक टक, म्हणजे व्हॉल्व्हकडचं दुखणं.

चाचांनी गाडी स्टँडवर घ्यायला लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकरच्या झाकणावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. सत्तरीच्या माणसाचं एक कान कमी ऐकतो, ते दुसरा वापरतात. पुढचं झाकण, मागचं झाकण, परत पुढचं.

"एक्झॉस्ट," म्हणाले. "उघड."

उघडलं. रॉकरच्या ज्या टोकाने व्हॉल्व्ह दाबला जातो, ते टोक मी अडीच महिन्यांपूर्वी आरशासारखं केलं होतं. आता तिथे नखाला लागेल एवढी खाच पडली होती.

"हे तू घासलास?"

"हो चाचा. जुनी खाच होती ना, ती काढली."

"कशानं?"

"ग्राइंडरनं."

ते काही बोलले नाहीत. टेबलावरची जुनी कानस घेतली आणि रॉकरच्या मधल्या दांड्यावर फिरवली. ती काचेवरून जावी तशी घसरली. मग टोकावर फिरवली. तिथे ती चावली. कानशीच्या दातांत चमकदार कीस अडकला.

"पाणी घालवलास बाळा रॉकरचं."

हत्याराला 'पाणी देणं' हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. कोयत्याला, विळ्याला, फाळाला पाणी देतात. पण त्याला मी तापलेलं लोखंड पाण्यात बुडवतानाचा चर्र आवाज एवढंच समजत होतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला 'हार्डनिंग' होतं, पाठ करून लिहिलेलं. माझी शाखा कॉम्प्युटरची. वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचे दोन तुकडे घासून एकमेकांत बसवायचे असत, आणि ते काम आमच्या अर्ध्या वर्गाने वर्कशॉपमधल्याच कुणाकडून तरी करून घेतलं होतं. त्या अर्ध्या वर्गात मीही होतो, हे इथे कबूल केलेलं बरं.

तर झालं होतं असं. रॉकरसारखा भाग आतून चिवट आणि वरून कठीण लागतो. सगळाच कठीण केला तर झटक्याने मोडेल, सगळाच मऊ ठेवला तर झिजेल. म्हणून साधं पोलाद कार्बनच्या सान्निध्यात तासन् तास तापवतात, कार्बन वरच्या कातड्यात मुरतो, मग ते झटकन थंड करतात. कठीण होतं ते फक्त कातडं, फार तर मिलिमीटरभर जाड, बऱ्याचदा त्याहून कमी. जुन्या खाचेने त्यातलं बरंचसं आधीच खाल्लं होतं. उरलेलं मी काढलं, आणि वर चमक आणली. दिसायला तो भाग नवा झाला, खरं तर तिथे संपला.

गाडी आजोबांची. साठच्या दशकातली ३५० बुलेट, त्यांनी सेकंडहँड घेतलेली. ते गेल्यावर बारा वर्षं ती गोठ्याच्या बाजूला पोत्याखाली उभी होती. लॉकडाऊनमध्ये पुण्यातली खोली सोडून मी मिरजेला येऊन काम करायला लागलो, तेव्हा पोतं काढलं. दरम्यान जुन्या गाड्या जमवणाऱ्या मुंबईच्या एका गृहस्थांशी बाबांचं जवळजवळ ठरत आलं होतं. बाबा व्यवहारी आहेत. गंजणाऱ्या वस्तूवर माया करण्यात त्यांना अर्थ दिसत नाही. शेवटी तडजोड झाली: खंडेनवमीला गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत दारात आली तर राहील, नाही तर जाईल. टकटक सुरू झाली तेव्हा खंडेनवमीला सात आठवडे होते.

नवा रॉकर का नाही घेतला, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. घेतला होता, दोनदा. पहिला संच दिल्लीहून मागवला. त्याच्या बेअरिंगमधलं तेलाचं भोक आमच्या हेडमधल्या भोकासमोर येतच नव्हतं. तसाच बसवला असता तर रॉकर कोरडा फिरून काही मिनिटांत जाम झाला असता. दुसऱ्या संचाचा दांडा आमच्या बेअरिंगमध्ये खुळखुळत होता. चाचांनी मायक्रोमीटर लावला आणि म्हणाले, "सहा थाऊ." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं झाली तरी आमच्याकडचे टर्नर बारीक मापं थाऊतच बोलतात. मी वैतागून म्हटलं, नवा भाग आहे, त्याच मॉडेलचा आहे, बसायला नको? त्यावर त्यांचं म्हणणं: "बसत काही नसतं. बसवावं लागतं."

माझ्या धंद्यात नेमकं उलट आहे. तिथे एखादा भाग बसला नाही तर दोष भागाचा; हाताने घासून बसवणाऱ्याला नावं ठेवतात. ही समजूत कुठून आली हे शोधायला लागलो, आणि गंमत म्हणजे तो शोध मला एनफिल्डच्याच दारात घेऊन गेला.

एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथे ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये बंदूक म्हणजे कारागिराने एकेक भाग घासून जुळवलेली वस्तू. एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसेलच असं नसे. अमेरिकेतल्या शस्त्र-कारखान्यांत मात्र यंत्रांवर सारखे भाग काढायची पद्धत रुजली होती. १८५० च्या दशकात इंग्रजांनी ती जाऊन पाहिली, तिथली यंत्रं विकत आणली आणि एनफिल्डला बसवली. त्यांवर १८५३ च्या नमुन्याची रायफल निघू लागली. अदलाबदल करता येणाऱ्या भागांची ही एनफिल्ड रायफल आपल्याला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती याच रायफलीची.

मोटरसायकलवाले एनफिल्ड त्या गावचे नव्हतेच. ते रेडिचचे, आणि रेडिच प्रसिद्ध होतं सुयांसाठी. तिथल्या टाउनसेंड नावाच्या सुयांच्या कारखान्याने पुढे सायकली काढल्या. १८९१ मध्ये अल्बर्ट एडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांनी तो धंदा हातात घेतला. त्यांना एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी बंदुकीचे बारीक भाग बनवायचं काम मिळालं, आणि त्या मोठेपणात सायकलीचं नाव झालं रॉयल एनफिल्ड. चिन्ह तोफेचं, घोषवाक्य 'बंदुकीसारखी घडवलेली'. १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल, १९३२ मध्ये बुलेट हे नाव. आज आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो, ती मागच्या चाकाला हलता फोर्क असलेली गाडी १९४८-४९ची.

'बंदुकीसारखी' या शब्दात दावा होता तो असा: माप ठरलेलं, भाग कुठलाही घ्या, बसेल. आणि मी मिरजेत सहा थाऊ ढिला रॉकर हातात घेऊन बसलो होतो.

मिरजेत याच काळात काय चाललं होतं, हे मला चाचांमुळे कळलं. खरं तर माझ्या गावचा इतिहास मला आधीच माहीत असायला हवा होता. त्यांच्या गॅरेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर सितारमेकर गल्ली आहे. मिरजेचे तंबोरे आणि सतारी जगभर जातात, २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, अब्दुल करीम खाँसाहेब मिरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत, एवढं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण ही वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, हे सांगायचं राहून जातं. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झळाळी देणारे. 'सैकल' म्हणजे झिलई, त्यावरून हा शब्द. मिरज पटवर्धनांचं संस्थान, किल्ल्याचं गाव, त्यामुळे तलवारी-भाल्यांचं काम होतं. मराठेशाही बुडाली, लढाया थांबल्या, शस्त्रं भिंतीवर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावबंदांनी आधी वाद्यांची दुरुस्ती आणि मग नवे तंबोरे करायला सुरुवात केली. संस्थानिकांनी आश्रय दिला. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलासुरला जुना धंदा बहुधा संपवलाच असता, पण तोवर हात लाकडाकडे वळले होते.

म्हणजे ज्या दशकात एनफिल्डला सारख्या भागांची रायफल निघू लागली, साधारण त्याच सुमारास मिरजेचा शिकलगार तलवार बाजूला ठेवून भोपळा कापायला शिकत होता. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. मध्ये हजार कारणं आहेत. पण दोन्ही गोष्टी माझ्या एका रॉकरमध्ये येऊन भेटल्या खऱ्या.

कारण चाचांनी मला शिक्षा म्हणून एका तंबोरेवाल्यांकडे पाठवलं. "चार दिवस जाऊन बस. हात लावू नको. बघ."

तिथे मी जवारी लावताना पाहिली. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, अगदी हलकासा वक्र असतो. तार छेडली की ती त्या वक्रावर टेकत-सुटत राहते, टेकण्याची जागा क्षणाक्षणाला सरकते, आणि त्यातून तो भरलेला, गुणगुणता नाद येतो. हा वक्र कानशीने घासून आणतात. तिथल्या बुजुर्गांनी दोन हात घासलं, तार छेडली, ऐकलं. परत एक हात. परत ऐकलं. खुली जवारी, बंद जवारी, गोल जवारी, जसा गाणारा तशी. पाऊण तासात त्यांनी जेवढा कीस काढला तो चिमटीत मावला असता. मी विचारलं, जास्त घासलं गेलं तर? ते हसले. "मग सगळं खाली आणायचं, पहिल्यापासून."

त्यांच्या दुकानात कुठे तलवार नव्हती, पण घासण्याआधी थांबायची ती सवय मला जुनी वाटली. शिकलगाराची खरी परीक्षा धार लावण्यात नसणार. ती तर कुणीही लावेल. पातं उजळताना त्याचं पाणी कुठवर आहे हे ओळखून तिथे हात थांबवणं, परीक्षा ती. हा माझा तर्क आहे, मला तसं कुणी सांगितलेलं नाही.

आता रॉकरची भूमिती. रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरची ढेकळी, मुलांच्या सी-सॉसारखी. खालून कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो, तेव्हा दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्ह उघडतं. बुलेटमध्ये रॉकर आणि त्याचा आडवा दांडा अखंड असतो. तो दांडा दोन फाळक्यांच्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि ते बेअरिंग बोल्टने हेडवर आवळलेलं असतं. पंपाकडून तेल बाहेरच्या नळीने वर येतं, बेअरिंगच्या भोकातून दांड्याला मिळतं आणि पुशरॉडच्या बोगद्यांतून खाली उतरतं. मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर प्रत्येक रॉकर दोन हजार वेळा हा खेळ करतो.

गोम अशी की व्हॉल्व्ह सरळ रेषेत जातो आणि रॉकरचं टोक वर्तुळाच्या कमानीत. त्यामुळे ते व्हॉल्व्हच्या शेपटावर घासत सरकतं. ते टोक योग्य वक्राचं असेल आणि रॉकर योग्य उंचीवर असेल, तर टेकण्याची जागा शेपटाच्या मध्याच्या अलीकडे-पलीकडे थोडीशी हलते. नसेल तर व्हॉल्व्हला बाजूने रेटा बसतो, त्याचं गाईड लंबगोल होतं, तेल आत उतरतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तंबोऱ्याच्या घोडीवरही टेकण्याची जागा सरकते, इथेही सरकते. तिथे बिघडलं तर आवाज मरतो, इथे बिघडलं तर आवाज येतो.

मी ग्राइंडरने पाण्याबरोबर हा वक्रही घालवला होता.

हे दुरुस्त होऊ शकतं, कारण मिरज-सांगली-कोल्हापूर या पट्ट्यात असं काम करणारे लेथवाले अजून आहेत. ते इथे का आहेत, याचं उत्तर मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की तासाभराच्या आत खिडकीतून दिसतं. स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. बढती डावलली म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. बेळगावच्या नगरपालिकेने जागा काढून घेतली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये निवडुंग उपटून कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटे, म्हणून सुरुवातीला तो विकला जाईना. आणि विकला जायला लागला तेव्हा पहिल्या महायुद्धाने लोखंड मिळेनासं केलं. त्या टंचाईत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

रेडिचवाल्यांनी तोफ चिन्हात ठेवली, किर्लोस्करवाडीने भट्टीत घातली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: पंप, मग हरिहरला १९४१ मध्ये लेथ बनवणारी मैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन्स. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते हे की कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठाने ऊस वाढला आणि नदीचं पाणी उचलायला काठाकाठाने इंजिनं बसली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ती बनू लागली, त्यांचे भाग ओतले जाऊ लागले. एका सिलिंडरचं, पुशरॉड-रॉकरवालं, हातात पाना घेऊन दुरुस्त करता येणारं इंजिन हे इथल्या मिस्त्रींचं पहिलं पुस्तक. चाचा त्यावरच शिकले. पाच अश्वशक्तीचं ए.व्ही. वन, मिनिटाला दीड हजार फेऱ्या. उसाला पाणी द्यायची पाळी चालू असताना ते बंद पडलं तर सुटा भाग कुठून तरी यायची वाट पाहता येत नसे; रात्रीतून रॉकर भरून, घासून, सकाळी इंजिन चालू. त्यांच्या लेखी बुलेट म्हणजे चाकं लावलेलं पंपाचं इंजिन, जरा जास्त घाईत असलेलं.

आणि बुलेटनेही त्यांना साथ दिली, ती न बदलून. सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले भाग मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला जोडले जात, मग यंत्रं-साचेही इकडे आले आणि साठच्या दशकात सगळी गाडी इथेच बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासची बुलेट त्याच सत्तर मिलिमीटर बोअर, नव्वद मिलिमीटर स्ट्रोकच्या ओतीव लोखंडी सिलिंडरसह चालूच राहिली. १९७७ मध्ये तर ती उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. २००८-०९ च्या सुमारास नवं इंजिन आलं तोवर मूळ रचना अर्धं शतक टिकली होती. एवढ्या काळात भागांची मापं थोडी थोडी सरकली, आटे काही व्हिटवर्थ, काही मेट्रिक असे मिसळले, बाजारात नकली भागांचा पूर आला. रचना तीच राहिल्यामुळे मिस्त्रीचं ज्ञान कधी जुनं झालं नाही, आणि मापं सरकल्यामुळे त्याची गरज कधी संपली नाही. 'बंदुकीसारखी' घडवलेली गाडी आपल्याकडे टिकली ती शिकलगारासारखे हात होते म्हणून, असं मला वाटतं. याला लोक कौतुकाने जुगाड म्हणतात. मला तो शब्द इथे खटकतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. चाचांनी जे केलं त्यात वेळ मारून नेण्यासारखं काही नव्हतं, उलट वेळ फार गेला.

पहिलं काम उद्यमनगरात. रॉकरच्या टोकावर स्टेलाइट भरून घेतलं. हा कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू आहे, तो मुळातच कठीण असतो, त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. गॅसच्या ज्योतीने तो टोकावर वितळवून चढवतात, तेव्हा बाकी रॉकरचं पाणी जाऊ नये म्हणून दांड्याभोवती ओली फडकी गुंडाळतात आणि टोक हळूहळू थंड व्हावं म्हणून राखेत पुरून ठेवतात. राखेतून निघाला तेव्हा तो ओबडधोबड गाठोड्यासारखा दिसत होता. मला रडू यायचं बाकी होतं.

दुसरं, बेअरिंग. आतलं भोक झिजून उभट झालं होतं. चाचांनी काचेच्या जाड तुकड्यावर पॉलिश पेपर पसरला, तेल टाकलं आणि दोन्ही फाळक्यांची जुळणारी तोंडं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासली. मी मोजलं: सगळं मिळून चार थाऊ निघायला दोन संध्याकाळ लागल्या. तोंडं घासली की भोक लहान होतं, मग त्यात दांडा बसेपर्यंत आतून स्क्रेपरने खरवडायचं. दांड्याला निळं लावायचं, आवळायचं, फिरवायचं, उघडायचं, जिथे निळं लागलं तिथे खरवडायचं. हे मला करू दिलं. अकराव्या वेळेला बोल्ट पूर्ण आवळल्यावरही रॉकर स्वतःच्या वजनाने हळूच खाली झुकला. चाचा तेव्हा चहा पीत होते. त्यांनी फक्त मान हलवली.

तिसरं, टोकाचा वक्र. न झिजलेल्या इनलेट रॉकरवरून पत्र्याचा नमुना कापला, त्याप्रमाणे आधी दगडावर आणि शेवटी तेलाच्या पाटीवर हाताने घासलं. व्हॉल्व्हच्या शेपटाला निळं लावून पाहिलं तर पुसलेला पट्टा मध्यावर नव्हता, बाहेरच्या कडेला गेला होता. मी म्हटलं, वक्र चुकला. चाचा म्हणाले, वक्र बरोबर आहे, उंची चुकली. साठ वर्षांत व्हॉल्व्हची सीट कितीदा तरी कापली गेली असणार. दर वेळी व्हॉल्व्ह जरा आत बसला आणि शेपूट जरा वर आलं. रॉकर मात्र जुन्याच उंचीवर. उपाय म्हणजे बेअरिंगखाली पितळी पत्री घालून रॉकरही उचलायचा. पत्री कापून मी बसवायला घेतली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. पत्रीत तेलाचं भोक पाडलंच नव्हतं.

आजही रात्री मला ते भोक आठवतं. कोणत्याही कोड रिव्ह्यूमध्ये मी इतका घाबरलो नाही.

शेवटी टॅपेट. बुलेटचं हे सेटिंग पुशरॉडच्या खालच्या टोकाला, सिलिंडरच्या उजव्या बाजूच्या छोट्या झाकणामागे असतं. इंजिन गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, आणि पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. फीलर गेज नाही, आकडा नाही. मॅन्युअलमध्येही असंच दिलं आहे, बोटांनी फिरवून बघा. ज्यांना बंदुकीसारखी अचूकता हवी होती त्यांनी शेवटचं माप माणसाच्या बोटांवर सोडलं, याची मला मजा वाटली. २००८-०९ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट होते, हे काही करावं लागत नसे. ती इंजिनं जास्त चांगली आहेत. मला जुन्याचा उमाळा आणायचा नाही.

खंडेनवमीला सकाळी चाचांच्या गॅरेजात हत्यारं मांडली होती: पाने, कानशी, तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, स्क्रेपर. झेंडूची माळ लेथला. पूजा त्यांच्याकडचा हिंदू पोरगा करतो, नारळ चाचा फोडतात, असं वर्षानुवर्षं आहे. डीकॉम्प्रेसर दाबून अँपिअरचा काटा मध्ये आणला आणि लाथ मारली. चौथ्या लाथेला सुरू झाली. पहिलं मिनिटभर एक्झॉस्टकडून हलका टक येत होता. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी बोट वर केलं, थांब. तेल वर चढलं तसा आवाज विरत गेला. अगदी गेला नाही.

"तेवढा राहू दे. त्याच्या मागं लागलास तर परत घासशील."

घरी दारात उभी केली. बाबांनी आईला ओवाळायला लावलं, स्वतः हँडलवर हात ठेवून दोनदा ॲक्सिलरेटर पिळला आणि इंजिनाखाली वाकून बघितलं. रॉकरच्या पुढच्या झाकणातून तेल पाझरत होतं, थेंबथेंब. संध्याकाळी मुंबईचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "अजून काम चालू आहे हो. तेल गळतंय." मग कपाटातून एक जुनी, जाड लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली. चाचांना विचार, म्हणाले, झाकणाखाली घालायला ही जाडी चालेल का.